अंगठा

बाबगोंडा मगदूम चित्र घेऊन आले
सोलापुरी चादरीत गुंडाळून, स्कूटरवर पायांशी उभं करून,
शाहूपुरीतून थेट माझ्या जिन्यापर्यंत.
"किती येतील ओ ह्याचं?" आधी हेच.
मग चहा. मग उठता उठता,
"आणि तेवढा मधला डाग काढून टाका."

फ्रेम उघडण्यात अर्धा दिवस गेला.
मागे प्लायवूड, प्लायवूडला चुका, चुकांना गंज,
आणि कागदाच्या खालच्या काठाला
एकोणीसच्या पुराची रेघ,
दीड बोट उंच, बशीत सांडलेल्या चहाच्या रंगाची.
कागद मात्र चिंध्यांचा, जाड.
हलवला की अजून बोलतो.

भिंग लावलं.
यंत्रावरची नक्कल असती तर ठिपके दिसले असते
प्रार्थनेच्या रांगेत उभे.
इथे खडूचा खरबरीत दाणा,
म्हणजे दगडावरूनच उतरलेलं.
तीन काळे गोळे आणि त्यांच्याखाली
एक पांढरी, आडवी फट.
'म्हशी, रंकाळा.'
शिंगं नाहीत, शेपट्या नाहीत.
"नातू ढेकळं म्हणतोय," मगदूम म्हणाले होते,
"मी बी काय बोलत नाही."

खाली पेन्सिलीनं डावीकडे ७/२०,
उजवीकडे शं. द. इंगवले, ५८.
दाबून ओढलेली सही. तिरप्या उजेडात
अक्षरांआधी त्यांची घळ दिसते.
खरी आहे. हे मी लिहून देऊ शकते.

डाग त्या पांढऱ्या फटीत.
रबराचा चुरा फिरवला, हलला नाही.
ओलसर बोळा टेकवला, नाही.
पुन्हा भिंग. तेव्हा वळसे दिसले,
एकात एक, आणि मधून गेलेला आडवा व्रण.
अंगठा.
कागदाला लागलेला नव्हे. दगडाला.
दगडाला दोनच गोष्टी कळतात, तेलकट आणि ओलं.
खडू कुणाचा, हात कुणाचा, तो विचारत नाही.
कुणीतरी घाईत तो उचलला असणार, हात न धुता,
आणि वीसच्या वीस कागदांवर
म्हशींसोबत हाही पाण्यात उतरला.

फोन केला. "डाग नाही, अंगठा आहे.
चित्राइतकाच छापलेला."
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग कळलं, त्यांच्या वडिलांच्या गुळाची लेबलं
सोमवार पेठेतल्या त्याच छापखान्यात निघायची.
दिवसा लेबलं, रात्री इंगवले मास्तर.
दगड घासायला हुसेन मुजावर म्हणून होता,
पगाराच्या वहीत अंगठा उठवायचा.
"पण त्याचाच आसंल आसं न्हाई हं.
आमच्या वडलांचा बी आसंल. गुळाचा हात."
गूळ असता तर शाई धरली नसती,
एवढं मला माहीत होतं.
बोलले नाही.

पुढचे आठ दिवस पाणी.
चुन्याच्या निवळीतून कागद हळूच फिरवला,
टिपकागद बदलले, पिवळेपण थोडं थोडं निघून आलं.
पुराची रेघ फिकी झाली, गेली नाही.
कोपऱ्यातल्या चिरेला मागून गव्हाची खळ
आणि कांद्याच्या पापुद्र्याएवढा जपानी कागद.

अहवालात 'दोष' असा रकाना असतो.
तिथं लिहिलं. खोडलं.
'सही'च्या रकान्यात जागा एकाचीच,
ती इंगवल्यांनी आधीच घेतलेली.
शेवटी समासात, बारीक अक्षरात:
फटीत अंगठ्याचा ठसा, मूळ दगडावरचा.
कुणाचा, माहीत नाही. काढू नये.

मगदूमांनी आकडा दोनदा वाचला,
दुसऱ्यांदा चष्मा लावून.
मी नेहमीचं सांगत होते,
खिडकीसमोर टांगू नका,
मागे पुन्हा प्लायवूड नको,
काच कागदाला टेकता कामा नये,
आणि कुणाला बोट लावू देऊ नका.

"आता काय," चादरीची गाठ मारत म्हणाले,
"लावलंय की कुणीतरी आधीच."